शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडावा का?

वाचकाचे पत्र

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीमधल्या टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात चार वर्षे काम करते. परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार, ऑर्डरचा पाठपुरावा आणि माल जाण्याआधीची तपासणी ही कामे माझ्याकडे आहेत. यंदा अमेरिकेतील दोन बिझनेस स्कूल आणि हैदराबादची आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) येथे एमबीएसाठी अर्ज करणार आहे. अमेरिकेच्या अर्जात शिफारस करणाऱ्यांची नावे भरताना एक प्रश्न येतो : हे पत्र पुढे कधी पाहण्याचा तुमचा हक्क तुम्ही सोडता का? माझे वडील जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचे म्हणणे, आपल्या हक्कावर आपल्याच हाताने पाणी सोडू नये. आपल्याविषयी कोणी काय लिहिले ते आपल्याला कळलेच पाहिजे. इकडे आमचे मालक म्हणतात, "काय लिहायचं ते तूच लिहून आण की, मी सही करतो." त्यांना इंग्रजी वाचता येते, लिहायची सवय नाही. पत्र मीच लिहिले तर ते मला दिसणारच. मग हक्क सोडल्याची खूण करणे खोटे ठरेल का? आणि त्यांनी स्वतः लिहिले व काही उलटसुलट लिहिले तर? मी जाण्याच्या तयारीत आहे हे कारखान्यात इतक्यात कोणाला कळू नये, असेही वाटते. कॉलेजमधल्या सरांनी पदवी झाल्यावर एक चांगले सर्वसाधारण शिफारसपत्र दिले होते, त्याची प्रत माझ्याकडे आहे. ती चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर

तुमच्या मुख्य दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो. हक्क सोडत असल्याची खूण निःशंकपणे करा, आणि मालकांचे पत्र कोणत्याही परिस्थितीत स्वतः लिहू नका. शिफारसपत्राला जी काही किंमत आहे ती ते अर्जदाराच्या नजरेआड, दुसऱ्याने आपल्या मनाने लिहिलेले असते म्हणून आहे, आणि दोन्ही उत्तरे त्यातूनच निघतात. तुम्ही न विचारलेली एक तिसरी बाब मला तुमच्या बाबतीत याहून नाजूक वाटते. कारखान्याचा ईमेल कोण उघडते, ही ती बाब. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

वडिलांची शंका आधी घेऊ, कारण ती अनुभवातून आलेली आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवे. ज्यांची हयात सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत गेली, त्यांना गोपनीय अहवाल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. वरिष्ठाने बंद दाराआड लिहिलेल्या एका शेऱ्यावर बढती अडली आणि तो शेरा काय होता हे संबंधिताला पुढे कित्येक वर्षे कळलेच नाही, अशा हकिकती आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, सरकारी कर्मचाऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, ती चांगली असो वा वाईट, त्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. वडील जे म्हणतात त्यामागे हा न्याय आहे आणि तो योग्यच आहे.

परंतु गोपनीय अहवाल आणि शिफारसपत्र यांत एक मूलभूत फरक आहे. अहवाल कोणी लिहायचा हे कर्मचाऱ्याच्या हातात नसते, अहवाल नको असे म्हणण्याची त्याला सोय नसते, आणि त्याचे परिणाम त्याला त्याच नोकरीत वर्षानुवर्षे भोगावे लागतात. म्हणून तो पाहण्याचा हक्क हे त्याचे एकमेव संरक्षण ठरते. शिफारसपत्र कोणाकडे मागायचे हे तुम्ही ठरवता. ज्याच्याविषयी खात्री वाटत नाही त्याच्याकडे तुम्ही जातच नाही, आणि ज्याला लिहायचे नाही तो नाही म्हणू शकतो. म्हणजे इथे तुमचे संरक्षण पत्र लिहिले जाण्याच्या आधी आहे, निवडीत आहे. ते नीट वापरले तर नंतर पत्र पाहण्याची गरजच उरत नाही.

आता तो हक्क प्रत्यक्षात केवढा आहे ते पाहा. अमेरिकेत १९७४ साली 'फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी अ‍ॅक्ट' हा कायदा झाला. त्याला संक्षेपाने 'फर्पा' म्हणतात, आणि सिनेटर जेम्स बकली यांनी तो मांडला म्हणून बकली दुरुस्ती असेही म्हणतात. शिक्षणसंस्थेने आपल्याविषयी ठेवलेली कागदपत्रे पाहण्याचा हक्क या कायद्याने विद्यार्थ्याला दिला. त्याबरोबर शिफारसपत्रांचे काय होणार हा प्रश्न लगेच उभा राहिला, कारण गोपनीयतेच्या भरवशावर लिहिलेली पत्रे कपाटांत पडून होती. त्याच वर्षाअखेर कायद्यात दुरुस्ती झाली. १ जानेवारी १९७५ पूर्वीची गोपनीय पत्रे त्यातून वगळली गेली आणि त्यानंतरच्या पत्रांबाबत, विद्यार्थ्याची इच्छा असेल तर, पाहण्याचा हक्क लेखी सोडण्याची सोय झाली. तुमच्या अर्जातला तो चौकोन या दुरुस्तीतून आलेला आहे.

हा हक्क त्या संस्थेत प्रत्यक्ष शिकू लागलेल्या विद्यार्थ्यालाच मिळतो. अर्जदाराला तो नसतो. ज्या संस्थेने तुम्हाला प्रवेश नाकारला, तिच्याकडे तुमच्याविषयी काय लिहिले गेले हे तुम्ही या कायद्याखाली कधीच मागू शकत नाही, मग चौकोनात खूण केलेली असो वा नसो. जिने प्रवेश दिला, तिथे दाखल झाल्यावर पत्र मागता येईल, पण त्या वेळी ते पत्र तुमच्या बाजूनेच लागलेले असेल. शिवाय अनेक संस्था प्रवेशप्रक्रिया आटोपल्यावर ही पत्रे जपूनही ठेवत नाहीत. एवढ्याशा हक्कासाठी पत्राचे वजन कमी करून घेण्यात काही हशील नाही, हे वडिलांना समजावून सांगा. त्यांना हेही सांगा की हक्क सोडण्याची सक्ती करता येत नाही, त्यावर प्रवेश अवलंबून ठेवता येत नाही, आणि हक्क सोडल्यावरही पत्र कोणी लिहिले त्यांची नावे विचारण्याचा अधिकार शिल्लक राहतो. कायद्याने ही काळजी घेतलेली आहे.

पत्राचे वजन कमी होते म्हणजे नेमके काय होते, हेही सांगतो. शिफारस करणाऱ्याला ऑनलाइन फॉर्म उघडताना बहुधा तिथेच दिसते की अर्जदाराने हक्क सोडला आहे की राखून ठेवला आहे. राखून ठेवलेला दिसला की लिहिणारा सावध होतो, सगळे गुळगुळीत लिहितो, आणि काही जण अशा अटीवर लिहायलाच नकार देतात. निवड समितीलाही ती नोंद दिसते, आणि अर्जदार पुढे वाचेल हे ठाऊक असताना लिहिलेली स्तुती त्या समितीला अर्धीच खरी वाटते. मी स्वतः विद्यार्थ्यांसाठी बरीच वर्षे अशी पत्रे लिहिली आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या बाजूने एवढे खात्रीने सांगतो की, 'हिला अजून लोकांकडून काम करवून घेणे जमत नाही, पण चूक दाखवली की ती दुसऱ्यांदा करत नाही' असे वाक्य मोकळेपणाने लिहिता येते ते गोपनीयतेमुळेच. आणि पत्र वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो अशाच वाक्यावर.

आता मालकांच्या "तूच लिहून आण की" या म्हणण्याकडे येऊ. असे म्हणणारे मालक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मनात काही वाईट नसते. बँकेचा अर्ज असो, शाळेचा दाखला असो की भाडेकरार असो, मजकूर दुसऱ्याने तयार करायचा आणि मोठ्या माणसाने खाली सही करायची, ही आपल्या रोजच्या व्यवहाराची रीत आहे. बिझनेस स्कूलच्या दृष्टीने मात्र ती सरळ फसवणूक ठरते. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलने तर आपल्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, शिफारस करणाऱ्याने सांगितले असले तरी अर्जदाराने स्वतःच्या पत्राचा मसुदा करणे अनुचित आहे आणि ते अर्जाच्या अटींचे उल्लंघन आहे. अर्जाच्या शेवटी तुम्ही सगळी माहिती प्रामाणिकपणे दिल्याचे जाहीर करता. ते खोटे निघाले तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो, आणि काही संस्था प्रवेश दिल्यानंतर बाहेरच्या पडताळणी संस्थेमार्फत शिफारस करणाऱ्याला गाठून 'हे पत्र तुम्हीच लिहिले का' असे विचारतात. तेव्हा तुमच्या मालकांना एक तर खोटे बोलावे लागेल, नाही तर तुम्हाला उघडे पाडावे लागेल, आणि ज्या माणसाने चार वर्षे तुमच्यावर विश्वास टाकला त्याला अशा पेचात टाकणे योग्य नाही.

तुमचा प्रश्न होता की पत्र स्वतः लिहून हक्क सोडल्याची खूण करणे खोटे ठरेल का. होय, ठरेल, आणि म्हणूनच पत्र लिहायचे नाही. खूण न करता लिहिले तर चालेल, असा याचा अर्थ काढू नका. पत्र तुम्ही लिहिले की त्या चौकोनात काहीही भरले तरी अर्ज खोटाच राहतो.

नीतीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही ते पत्र फसते. बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठी लागणारी जीमॅट परीक्षा ज्या जीमॅक संस्थेची आहे, तिने शिफारसपत्राचा एक समान नमुना तयार केला आहे आणि अनेक बिझनेस स्कूल तो वापरतात. त्यात विचारतात की, अशाच कामावरच्या इतर चांगल्या माणसांच्या तुलनेत अर्जदार कुठे बसते, आणि तिला तुम्ही दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती, ती कोणत्या प्रसंगी दिली व तिने ती कशी घेतली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला माहीत असण्याचे कारण नाही, कारण तुमच्या आधी त्या टेबलावर बसलेली माणसे मालकांनी पाहिली आहेत, तुम्ही पाहिलेली नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः लिहिताना कोणीही 'ती फार मेहनत करते, थोडी विश्रांती घ्यावी' असला दोष लिहितो, आणि असे दोष वाचून निवड समितीचे डोळे शिणलेले असतात. त्यात भर म्हणजे तुमचे निबंध आणि तुमचे पत्र एकाच हातचे असल्याचे शब्दांवरून, विरामचिन्हांवरून, आवडत्या वाक्यरचनेवरून लक्षात येते. तुमच्याच धंद्यातले उदाहरण द्यायचे, तर परदेशी ग्राहक टॉवेलच्या जीएसएमसाठी (दर चौरस मीटरच्या वजनासाठी) कारखान्याच्या स्वतःच्या दाखल्यावर थांबत नाही, तो बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागतो; शिफारसपत्र हा तुमच्याविषयीचा बाहेरचा अहवाल आहे आणि तो तुम्हीच भरून दिला तर तो मागवण्यालाच अर्थ राहत नाही.

मग मालकांना काय सांगायचे? त्यांना नियम दाखवा आणि सरळ म्हणा, "मालक, मी लिहिलं तर माझा प्रवेश जाईल. तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, वाईट वाटेल ते पण सांगा." बहुतेक मालकांना हे ऐकून बरे वाटेल, असा माझा अंदाज आहे. त्यांना लिहायचा कंटाळा असतो, बोलायचा नसतो, आणि आपल्या हाताखाली तयार झालेल्या माणसाविषयी बोलायला तर ते उत्सुक असतात.

तुम्ही त्यांना एक पानभर टिपण देऊ शकता, आणि ते द्यायलाच हवे, कारण चार वर्षांतले प्रसंग त्यांना तारीखवार आठवणार नाहीत. टिपण देण्याला बहुतेक संस्थांची हरकत नसते. पण टिपणात काय असावे आणि काय नसावे याची रेघ नीट आखून घ्या. 'मार्च महिना, जर्मनीची ऑर्डर, दोन लॉटच्या निळ्या रंगात फरक, पॅकिंग थांबवले, डायिंगवाल्यांकडे गेले, तुम्ही रागावला होता, कंटेनर चार दिवस उशिरा गेला, ग्राहकाची तक्रार आली नाही' – तुमच्या कामात असा काही प्रसंग असेल, तर तो अशा तुटक नोंदीत द्या. ही झाली आठवण. 'अर्जदाराने विलक्षण निर्णयक्षमता व गुणवत्तेविषयीची निष्ठा दाखवली' असे लिहून दिले की तो मसुदा झाला. त्या प्रसंगातून तुमच्याविषयी काय निष्कर्ष काढायचा, तो मालकांचा अधिकार आहे. कदाचित ते म्हणतील, 'त्या दिवशी मला न विचारता तिने पॅकिंग थांबवले, हे मला आवडले नव्हते. आज वाटते तिचे बरोबर होते.' असे वाक्य तुम्हाला सुचले नसते, आणि सुचले असते तरी तुम्ही लिहिले नसते. टिपणात तुमचा हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पुढे काय शिकायचे आहे व का, आणि पत्राची अंतिम तारीख एवढे असले की पुरे. हुद्दा आणि तारखा अर्जात जशा आहेत तशाच इथे असाव्यात, कारण पडताळणीत त्याच ताडून पाहतात.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. मालकांना जी भाषा सोयीची असेल, मराठी असो, तेलुगू असो वा कन्नड, त्या भाषेत त्यांनी बोलावे आणि त्यांचा मुलगा, पुतण्या किंवा कारखान्याचे हिशेबनीस यांच्यापैकी ज्यांना इंग्रजी लिहिता येते त्यांनी ते उतरवावे. फॉर्ममधले गुणांकनाचे चौकोन मात्र मालकांनी स्वतः विचार करून भरावेत. इंग्रजीत उतरवणारी व्यक्ती तुमची मैत्रीण किंवा नातेवाईक नसावी, आणि 'मी सांगितले, अमुकाने इंग्रजीत लिहिले' असे एक वाक्य पत्रात असावे. इंग्रजी साधे असले, थोडे अडखळते असले तरी चालते. सोलापूरच्या कारखानदाराकडून कोणी बॉस्टनच्या इंग्रजीची अपेक्षा करत नाही, उलट ते आढळले तर संशय येतो. भाषांतराविषयी त्या संस्थेचा नियम प्रवेश विभागाला ईमेल करून आधी विचारून घ्या आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

आता ईमेलविषयी. आपल्याकडच्या लहान व मध्यम कारखान्यांत बहुधा एकच ईमेल पत्ता असतो, आणि त्याचा पासवर्ड जो ग्राहकांशी पत्रव्यवहार करतो त्याच्याकडे असतो. तुमच्या पत्रावरून ती व्यक्ती तुम्हीच असाव्यात असे दिसते. अर्जात शिफारस करणाऱ्याचा ईमेल भरला की संस्थेकडून त्या पत्त्यावर एक खासगी दुवा जातो. त्या दुव्यावरूनच फॉर्म उघडतो, गुणांकन करता येते, पत्र जोडता येते. तुम्ही कारखान्याचा पत्ता दिला तर तो दुवा सकाळी तुमच्याच समोरच्या पडद्यावर येईल. तुम्ही तो उघडला नाही तरी उघडू शकत होता, एवढ्यानेच गोपनीयता संपते. अशा यंत्रणांत फॉर्म कोणत्या इंटरनेट जोडणीवरून भरला याची नोंद राहू शकते, आणि अर्ज व शिफारस एकाच संगणकावरून गेल्याचे दिसले तर तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी ते सिद्ध करणे अवघड होईल.

म्हणून मालकांचा स्वतःचा, त्यांच्या फोनवर उघडणारा पत्ता द्या. कंपनीच्या नावाच्या डोमेनवर त्यांचा वेगळा पत्ता करून घेता आला तर अधिक चांगले, कारण मोफत सेवेवरच्या पत्त्यांकडे संस्था थोड्या साशंकतेने पाहतात. पण तो पत्ता तुम्ही तयार करू नका आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत असू नये. हे काम कारखान्याच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या माणसाकडून त्यांनी करून घ्यावे. फॉर्म त्यांनी घरून किंवा आपल्या केबिनमधून भरावा आणि त्या वेळी तुम्ही तिथे बसू नये. "जरा इकडे ये, हे कुठे दाबायचं सांग" अशी हाक आली तर त्यांच्या मुलाला बोलवा. तुम्हाला तुमच्या अर्जाच्या पानावर पत्र पोचले की नाही एवढे दिसत राहील, आणि तेवढेच तुम्हाला कळणे अपेक्षित आहे.

पत्र पाठवल्यावर मालकांनी आपणहून तुम्हाला ते वाचून दाखवले तर? तुम्ही संस्थेकडे पत्र मागण्याचा हक्क सोडलेला असतो. लिहिणाऱ्याने आपले लिखाण कोणाला दाखवावे हा त्याचा प्रश्न आहे आणि त्याने दाखवल्याने तुमच्या हातून कायदा मोडत नाही. परंतु तुम्ही मागू नका, सुचवू नका, आणि पाठवण्याआधी दाखवू लागले तर "मालक, पाठवून टाका, मला नको" असे म्हणून बाजूला व्हा, कारण पाठवण्याआधी पाहिलेल्या पत्रात एक शब्द बदलण्याचा मोह कोणालाही होतो.

त्यांनी काही उलटसुलट लिहिले तर, या भीतीवर उपाय एकच आहे आणि तो आधीच करायचा असतो. त्यांना विचारा की माझ्याविषयी तुम्ही मनापासून चांगले सांगू शकाल का, आणि उत्तर ऐकताना शब्दांपेक्षा त्यांच्या थांबण्याकडे लक्ष द्या. 'बघू', 'काही तरी लिहू' असे उत्तर आले तर आभार मानून दुसरा माणूस शोधा. पण एखादी उणीव लिहिली म्हणजे पत्र वाईट झाले असे समजू नका. ती विचारलेलीच आहे. खरे नुकसान कोमट पत्राने होते, ज्यात एकही प्रसंग नसतो आणि 'ती वक्तशीर व प्रामाणिक आहे' यापलीकडे काही नसते.

कारखान्यात कळू नये, ही तुमची इच्छा मला पटते. प्रवेश मिळेल की नाही हे ठरलेले नसताना सगळ्यांना कळले तर उद्यापासून महत्त्वाची ऑर्डर दुसऱ्याच्या टेबलावर जाऊ लागते. बिझनेस स्कूल तुमच्या अर्जाची बातमी आपणहून तुमच्या कारखान्याला देत फिरत नाही. पण ज्यांची नावे तुम्ही दिली त्यांच्याशी ती संपर्क साधणार, हे गृहीत धरा. मालकांना तर तुमचा बेत माहीत आहेच, म्हणून त्यांना स्पष्ट विनंती करा की ही गोष्ट तुमच्यात आणि त्यांच्यात राहावी, आणि ज्याच्याकडून ते इंग्रजी लिहून घेतील त्यालाही हे सांगावे. दुसरे पत्र कारखान्यातल्या कोणाकडून घेण्याऐवजी बाहेरच्या माणसाकडून घ्या. तुमचे काम जवळून पाहिलेला परदेशी ग्राहकाचा खरेदी प्रतिनिधी किंवा माल तपासायला येणाऱ्या संस्थेतला वरिष्ठ अधिकारी चालेल. आधी दुसरीकडे नोकरी केली असल्यास तिथले साहेबही चालतील. प्रत्यक्ष वरिष्ठाऐवजी बाहेरचा माणूस का निवडला, हे लिहिण्यासाठी बहुतेक अर्जांत जादा माहितीची जागा असते. तिथे दोन वाक्यांत कारण द्या, समित्या ते समजून घेतात.

कॉलेजच्या सरांचे जुने पत्र वापरू नका. ते तुमच्या हातात आलेले आहे म्हणजे गोपनीय राहिलेले नाही, ते कोणत्याही विशिष्ट अभ्यासक्रमासाठी लिहिलेले नाही, आणि फॉर्ममधल्या प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत. शिवाय एमबीएला शिक्षकापेक्षा कामावरच्या माणसाचे म्हणणे जास्त हवे असते. सरांना भेटून सल्ला जरूर घ्या, पत्र मात्र मागू नका.

आयएसबीच्या अर्जात शिफारस मागितली जाते, पण अमेरिकेचा 'फर्पा' कायदा तिथे लागू होत नाही, त्यामुळे तो चौकोन तिथे नसला तर गोंधळू नका. आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा सार्वजनिक संस्थांना लागू आहे, आयएसबी ही खासगी संस्था आहे; तिथेही पत्र तुम्हाला दिसणार नाही असेच धरून चाला आणि सगळे नियम तसेच पाळा. पुढे कधी लंडनचा विचार केलात, तर ब्रिटनच्या २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्याने शिक्षण व नोकरीसाठी दिलेल्या गोपनीय शिफारशी स्वतःची माहिती मागण्याच्या हक्कातून थेट वगळल्या आहेत, म्हणजे तिथे सोडायला हक्कच नाही. कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांचा शिफारसपत्राशी सहसा संबंध येत नाही, म्हणून आपल्याकडच्या मुलांना या गोष्टी सांगणारे कोणी भेटत नाही, आणि म्हणूनच मी हे इतके तपशिलाने लिहीत आहे.

वेळेचे मात्र मनावर घ्या. अमेरिकेतील बिझनेस स्कूलच्या पहिल्या फेरीच्या तारखा बहुधा सप्टेंबरात आणि दुसऱ्या फेरीच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरच्या संक्रांतीतल्या गड्डा यात्रेच्या थोड्या आधी येतात. शिफारसपत्रही अर्जाच्याच तारखेला पोचावे लागते. दुसऱ्या फेरीत अर्ज करणार असाल तर मालकांशी बोलणे दिवाळीच्या आधी उरका, कारण दिवाळीत कारखाना बंद असतो तेव्हा त्यांना निवांतपणा मिळेल आणि त्यानंतर वर्षअखेरच्या मालाची घाई सुरू होईल. टिपण त्याच वेळी हातात द्या. दोन्ही अमेरिकन संस्थांचे आणि आयएसबीचे दुवे त्यांना एकाच आठवड्यात जातील असे पाहा, म्हणजे एकदा बसले की तिन्ही फॉर्म होतील. अंतिम तारखेच्या दहा दिवस आधी एकदा आठवण करा, आणि पत्र पोचल्याचे दिसले की त्याच दिवशी जाऊन आभार माना, निकालाची वाट पाहू नका.